दोन मिनिटांची माणसं

गेल्या गांधी जयंतीला घरात सगळे मिळून 'गांधी' पाहत बसलो होतो. भाचा शिकायला आमच्याकडे असतो, त्याने हा सिनेमा पूर्वी पाहिलेला नव्हता. चंपारणचा प्रसंग आला. रात्रीची वेळ, झोपडीतला मिणमिणता उजेड आणि गांधीजींसमोर बसलेला एक थकलेला शेतकरी. निळीला आता गिऱ्हाईक उरलं नाही, जमीनदार खंड रोखीत मागतो, घरातलं विकण्यासारखं होतं ते विकून झालं, असं तो सांगत जातो. आवाज कुठेही चढत नाही. डोळ्यांत पाणी नाही. पुन्हा पुन्हा सांगून जिची धार गेली आहे अशी हकिगत माणूस कशी सांगेल, तशी तो सांगतो. भाच्याने मोबाइलमधून मान वर काढली आणि म्हणाला, "मावशी, हे कोण गं?" "नाना पळशीकर." "म्हणजे कोण?" मी सांगायला तोंड उघडलं, तोवर प्रसंग संपला होता आणि त्याची मान पुन्हा खाली गेली होती.

सिनेमा संपल्यावर म्हटलं, निदान नाव तरी पडद्यावर दाखवू. श्रेयनामावली सुरू झाली, दोन-चार नावं वर सरकली असतील-नसतील, आणि पडदाच आक्रसला. सगळी नावं कोपऱ्यातल्या एका छोट्या चौकटीत जाऊन बसली. उरलेल्या जागेत दुसऱ्याच कुठल्या सिनेमाचं चित्र आणि खाली उलटे मोजले जाणारे आकडे. रिमोट हाती येईपर्यंत तो दुसरा सिनेमा सुरूसुद्धा झाला. घरातल्या कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, आता सगळीकडे असंच असतं. मला मात्र ते खुपत राहिलं. ज्या माणसाने दोन मिनिटांत एका अख्ख्या मुलुखाची उपासमार आमच्या दिवाणखान्यात आणून ठेवली, त्याचं नाव नीट वाचण्याइतकी सवडही आम्हांला मिळू नये?

लहानपणी साताऱ्यात आम्ही राहायचो त्या वाड्यात टीव्ही एकाच घरी होता. शनिवारी संध्याकाळी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी. पोरं पुढे सतरंजीवर, बायका भिंतीला टेकून, पुरुष दारात उभे राहून "आम्ही काय, जाता जाता बघतोय" अशा आविर्भावात शेवटपर्यंत. माझ्या आजीला नायक-नायिकेत फारसा रस नसे. त्यांचं काय व्हायचं ते होईल, असा तिचा हिशोब. तिची नजर कडेने फिरायची. दाराशी ट्रे घेऊन आलेली बाई, कोर्टात मागे बसलेला कारकून, लग्नात अक्षता टाकणारी आत्या. आणि एखादा ओळखीचा चेहरा सापडला की सगळ्या वाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणायची, "अगं, ही आपली ललिताबाई!" म्हणजे ललिता पवार. "हा बघ, आपला पळशीकर! किती वाळलाय." डॉ. श्रीराम लागू दिसले की ते मुळात कान-नाक-घशाचे डॉक्टर, हे ती प्रत्येक वेळी नव्याने सांगायची. या माणसांशी तिचं नातं असल्यासारखं होतं. तेवढ्यापुरती आम्हांलाही तो हिंदी सिनेमा आमचा वाटायचा. पडद्यावर हवेली, गाड्या, काश्मीरचा बर्फ, आणि त्या सगळ्यात कुठेतरी कोपऱ्यात आपल्या आळीतलं वाटावं असं एक माणूस कपबशी घेऊन उभं.

आजी आज असती तर भाच्याच्या "म्हणजे कोण?"ला तिने उत्तर दिलं असतं. मी आता देऊन बघते. नाना पळशीकर म्हणजे 1953च्या 'दो बिघा ज़मीन'मध्ये नायकाचा, शंभूचा, म्हातारा बाप. 1960च्या 'कानून'मध्ये खुनाच्या आरोपात नाहक अडकलेला भुरटा चोर कालिया. त्या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअर मिळालं, पुढे 'शहर और सपना'साठी पुन्हा मिळालं. बसलेले गाल, खोल गेलेले डोळे, कुठल्याही सदऱ्यात अंग हरवून जाईल अशी शरीरयष्टी. हिंदी सिनेमाला गरीब बाप, पुजारी, मास्तर हवा असला की नाना. पण गरिबी दाखवायला त्यांनी कधी हात पसरलेले आठवत नाहीत. 'गांधी'तल्या त्या प्रसंगात ते शब्दांच्या मध्ये जरा जास्त थांबतात. पुढचं वाक्य आठवावं लागतंय म्हणून थांबल्यासारखं वाटत नाही. सांगण्याजोगं आता काय उरलं आहे ते मनात चाचपून बघावं, तसं ते थांबणं आहे. समोर गांधीजी झालेल्या बेन किंग्जलेंनी काही करायचं नाही, फक्त ऐकायचं, अशी ती रचना आहे, आणि किंग्जलेही त्यांना पुरती जागा देतात. आठ ऑस्कर मिळवणारा तीन तासांहून लांब सिनेमा त्या झोपडीत घटकाभर एका मराठी नटाच्या स्वाधीन होतो.

त्याच सिनेमात शेवटाकडे ओम पुरी येतात. कलकत्त्यात दंगली पेटल्या आहेत, गांधीजी उपोषणाने खंगून खाटेवर पडले आहेत, आणि गर्दीतून एक पिसाटलेला माणूस येऊन त्यांच्या अंगावर भाकरीचा तुकडा टाकतो. खा, म्हणतो. मी नरकात जाणार आहे, पण तुमचा मृत्यू माथी घेऊन जाणार नाही. त्याने एका मुलाला भिंतीवर आपटून मारलं आहे, कारण त्याचं स्वतःचं पोर मारलं गेलं. हे सांगताना ओम पुरींचा हात जमिनीपासून तेवढ्या उंचीवर जातो. एवढा होता. या प्रसंगातलं गांधीजींचं उत्तर सगळ्यांना पाठ आहे. आईबाप मारले गेलेलं एखादं मुसलमान पोर घरी आण, वाढव आणि मुसलमान म्हणूनच वाढव. मला मात्र तो हवेत थांबलेला हात जास्त आठवतो. त्या तळव्याखाली कुणी उभं नाही, तरी तिथे मुलाचं डोकं आहे हे दिसतं. हा माणूस सिनेमात त्याआधी नव्हता, त्यानंतरही येत नाही. त्याचं पुढे काय झालं, त्याने तसं पोर आणलं का, ते कुणी सांगत नाही. मी इतक्या वर्षांत हे मनाशी अनेकदा विचारलं आहे. गांधीजींचं पुढे काय झालं ते मला ठाऊक आहे. या माणसाचं ठाऊक नाही, म्हणून तोच जास्त सोबत राहिला असावा.

नाटकवाल्यांत एक वाक्य फार फिरतं. भूमिका लहान नसते, नट लहान असतो. मला हे वाक्य आवडत नाही.

भूमिका लहान असते. दोन मिनिटं ही दोन मिनिटंच असतात. त्या नटाला पूर्ण संहिता वाचायला मिळतेच असं नाही. दिवसभर बसवून ठेवून ऊन उतरायच्या बेताला घाईने शॉट घेतला जातो, बसायला प्लॅस्टिकची खुर्ची मिळाली तर मिळते आणि दिवसाचे पैसे हातात पडायला महिने जातात. हे सगळं त्या एका गोंडस वाक्याखाली झाकलं जातं. नायकाचं सोपं असतं असं मी म्हणणार नाही, पण नायकाला सिनेमा मदत करत असतो. त्याचं बालपण दाखवतात, आई दाखवतात, तो दुखावला तर मागे सारंगी वाजते. छोट्या भूमिकेतल्या माणसाविषयी सिनेमा काहीच सांगत नाही. तो कुठून आला, सकाळी काय खाऊन आला, घरी त्याची वाट कोण बघतंय, हे सगळं नटाला आपल्या अंगावर वागवत चौकटीत शिरावं लागतं. उभं कसं राहायचं, पिशवी कुठल्या हातात धरायची, समोरच्याकडे बघायचं की पायाकडे, यातूनच काय ते कळणार. ज्यांना हे साधलं त्यांना आपण विसरत नाही, फक्त त्यांचं नाव विसरतो.

कधी कधी नाव काय, संवादही राहतो, आणि तरी खरी गोष्ट निसटते. 'शोले'तला विजू खोट्यांचा कालिया घ्या. "सरदार, मैंने आपका नमक खाया है" हे वाक्य लग्नाच्या पंगतीत मीठ वाढणाऱ्यालाही लोक ऐकवतात. 'शोले' पुन्हा बघाल तेव्हा त्या वाक्याच्या पुढे थोडा वेळ थांबून बघा. तिघांच्या कपाळाशी पिस्तूल लागून झालेलं आहे, तिन्ही वेळा नुसता खटका वाजला आहे, आणि गब्बर हसायला लागतो. मग हळूहळू सगळे डाकू हसायला लागतात. आणि त्यात कालियाही हसतो. तिथे विजू खोट्यांच्या चेहऱ्याकडे बघा. आधी ओठ हलतात, डोळे अजून घाबरलेलेच. मग आपण जिवंत आहोत यावर विश्वास बसायला लागतो, मग सरदार हसतोय तर आपणही हसलं पाहिजे ही जुनी सवय वर येते, आणि मग खरंच हसू फुटतं. हुजरेगिरी आणि सुटका एकाच चेहऱ्यावर, काही क्षणांत. मग गोळ्या. तो हसला नसता तर ते मरण इतकं भयंकर वाटलं नसतं. 2019 साली विजू खोटे गेले तेव्हा सगळीकडे त्यांचं ते एकच वाक्य फिरत होतं. मराठी रंगभूमीवर त्यांनी आयुष्य घातलं होतं, शुभा खोट्यांचे ते भाऊ, पण त्या हसण्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

एकच एक गणवेश घालून उभं राहण्यातही आयुष्य जातं. जगदीश राज या नटाने 144 सिनेमांत पोलीस अधिकारी केला आणि त्यासाठी गिनीजच्या पुस्तकात त्यांची नोंद झाली. आपल्याकडच्या नटांच्या वाट्याला हिंदीत बहुतेकदा हवालदार, कारकून, कम्पाउंडर यायचे, आणि नट्यांच्या वाट्याला नऊवारी नेसून भांडी घासणाऱ्या बाया. प्रायोगिक नाटकांत ज्यांनी मोठमोठ्या भूमिका उभ्या केल्या, त्यांना हिंदीत "साब, फोन आया है" एवढंच म्हणायला लागायचं. यात अपमान होताच, तो नव्हता असं म्हणण्यात अर्थ नाही. पण घर चालत होतं, आणि त्यातल्या काहींनी ते "फोन आया है"ही असं म्हटलं की फोनवर वाईट बातमी आहे हे साहेबाआधी आपल्याला कळावं.

आमच्या साताऱ्याला ही छोट्या भूमिकांची दुनिया फार जवळून दिसते, कारण वाई. कृष्णेचा घाट, मेणवलीचा नाना फडणीसांचा वाडा, जुनी बाजारपेठ यांना हिंदी सिनेमाने उत्तर प्रदेश-बिहार बनवून टाकलं आहे. 'गंगाजल'चं बिहार वाईचं, 'दबंग'चं लालगंज वाईचं, 'स्वदेस'चं चरणपूर मेणवलीचं. त्या गावांत नायकामागे उभी असलेली गर्दी तरी कुठून येणार? धोतर-गमछा गुंडाळलेली आपलीच माणसं, भुईंज-पाचवडच्या बाजूची. आमच्याकडे असे सिनेमे बघताना निम्मे प्रेक्षक मागची माणसं ओळखण्यात गुंतलेले असतात. "तो बघ, डावीकडून तिसरा, एसटीतला!"

माझ्या वडिलांचे एक मित्र बँकेत कारकून होते आणि राज्य नाट्य स्पर्धेत दरवर्षी उतरायचे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. वाईला शूटिंग असताना त्यांना एका हिंदी सिनेमात तहसील कचेरीतल्या कारकुनाची भूमिका मिळाली. एक प्रसंग, चार वाक्यं. हिंदी सातारी वळणाचं होऊ नये म्हणून ते रोज सकाळी रेडिओवरच्या हिंदी बातम्यांमागोमाग बोलायचे, अंघोळीच्या पाण्याची बादली भरेपर्यंत. सिनेमा लागला तेव्हा सगळी आळी गेली. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, काकूंनी मध्यंतरासाठी चकल्या नेल्या होत्या. प्रसंग आला. तहसील कचेरी आली, नायक आला, टेबल आलं. आणि टेबलावर एक हात आला, कागदावर शिक्का मारून गेला. झालं. चेहरा नाही, वाक्यं नाहीत. पुढचा प्रसंग सुरूसुद्धा झाला. काकू तेवढ्यात हळूच म्हणाल्या, "हा यांचा हात. करंगळीचं नख बघितलं का?" कॅरम खेळताना चेमटलेलं ते नख आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. काका काही बोलले नाहीत. मध्यंतरात चकल्या मात्र त्यांनीच उठून सगळ्यांना वाटल्या.

'स्वदेस'मधला पाणी विकणारा मुलगा मला याच सुमारास दिसायला लागला. म्हणजे पाहिला होता आधीच, 2004मध्ये सगळ्यांनी पाहिला. खंड वसूल करायला गेलेला नायक मोहन भार्गव त्या विणकराच्या, हरिदासच्या घरून रित्या हाताने परत निघाला आहे. स्वतः उपाशी राहून ज्याने पाहुण्याला जेवू घातलं, त्याच्याकडे पैसे मागायची सोय उरलेली नाही. गाडी एका छोट्या स्टेशनात थांबते आणि खिडकीखालून एक पोर ओरडतं, पच्चीस पैसे में पानी. तोवर बाटलीचंच पाणी पिणारा मोहन ते पाणी घेतो, पितो आणि त्याचे डोळे भरतात. शाहरुख खानच्या त्या भरल्या डोळ्यांवर पानंच्या पानं लिहिली गेली. पण पोराकडे बघा. त्याला यातलं काही ठाऊक नाही. गाडी सुटायच्या आत पैसे मिळायला हवेत आणि पुढच्या खिडकीशी पोचायला हवं, एवढीच त्याची घाई आहे. गिऱ्हाईक का रडतंय हे बघायला त्याला वेळ नाही. त्याच्या चेहऱ्यावर थोडी जरी करुणा आणली असती तर सगळा प्रसंग गोड होऊन बसला असता. 1956च्या 'जागते रहो'मध्ये राज कपूर रात्रभर एका घोटासाठी तहानलेला फिरतो आणि पहाटे त्याच्या ओंजळीत पाणी घालायला येते ती नर्गिस. तोही पाहुणा प्रवेशच. पण तिचं नाव सांगावं लागत नाही, तिच्या येण्यानेच सिनेमात सकाळ होते. दोन्ही ठिकाणी तहान तीच, पाणी तेच. नर्गिसबद्दल आपण अजून बोलतो. स्टेशनातल्या पोराला 'तो पाणीवाला मुलगा' म्हणतो.

ललिताबाईंबद्दल आजी एक गोष्ट हमखास सांगायची, आणि ती खरी आहे. 1942 साली एका प्रसंगाच्या चित्रीकरणात त्यांना थप्पड इतकी जोरात बसली की चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली आणि डावा डोळा कायमचा बारीक झाला. नायिका होण्याचा रस्ता तिथे बंद झाला. मग त्या डोळ्याला सगळ्या देशाने खाष्ट सासूचा डोळा केलं, पुढे रामायणातल्या मंथरेचा केलं. त्याच डोळ्याची 'श्री 420'मधली केळेवाली बघा. मुंबईत नवा आलेला, खिशात काही नसलेला राज तिच्याशी केळ्यांचा सौदा करायला बसतो. दोन आणे, तीन केळी, तीन आणे, दोन केळी असा उलटसुलट घोळ चालतो. ललिताबाई त्या पोराला गिऱ्हाईक म्हणून झिडकारता झिडकारता भुकेलेला म्हणून कधी बघायला लागतात, तो सांधा दिसत नाही. येवल्याच्या बाजूची ही बाई हिंदीत बोलते, पण तिचं ते फुटपाथवर बसणं, पदर कमरेला खोचणं, पाटीवर एक हात ठेवून बोलणं आपल्या मंडईतलं आहे. बारीक झालेला तो डोळा इथे प्रेमळ दिसतो. डोळा तोच, त्यात काय भरायचं ते त्यांच्या हातात होतं.

आणि मग 'कोर्ट'.

चैतन्य ताम्हाणेंच्या या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. मॅनहोलमध्ये उतरून मेलेल्या वासुदेव पवार नावाच्या कामगाराने एका शाहिराचं गाणं ऐकून आत्महत्या केली, असा आरोप ठेवून शाहिरावर खटला चालतो. सिनेमा अर्ध्यावर गेल्यावर त्या कामगाराची बायको साक्षीला येते. ही भूमिका ज्या बाईंनी केली आहे, त्या मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या कामगाराच्याच विधवा. सिनेमात त्या अभिनय करतात असं म्हणायला जीभ वळत नाही आणि करत नाहीत असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय होईल. त्या पिंजऱ्यात उभ्या राहून विचारलं तेवढंच सांगतात. नवऱ्याला हातमोजे, मुखवटा असं काही मिळत नव्हतं. विषारी वायूने त्याचा एक डोळा गेला होता. वास सोसवत नाही म्हणून उतरण्याआधी तो दारू प्यायचा. आणि मग ते झुरळांचं. झाकण काढल्यावर तो आत खडा टाकून बघायचा. झुरळं बाहेर आली तर आत जीव जगतोय, म्हणजे उतरायला हरकत नाही. हे सांगताना त्यांच्या आवाजात काहीच होत नाही. स्वयंपाकघरात "आधी मोहरी तडतडली की मग हळद घालायची" हे जितक्या सहज सांगावं तितक्या सहज त्या सांगतात. कोर्टातले सगळे ऐकतात, टंकलेखक ते टाइप करतो, सरकारी वकील पुढच्या प्रश्नाकडे वळतात. नंतर बचावाचे वकील त्यांना आपल्या गाडीतून सोडायला जातात आणि पैसे देऊ करतात. त्या पैसे घेत नाहीत. काही काम असेल तर सांगा, म्हणतात.

मी अभिनयाचे खूप पुरस्कार सोहळे पाहिले आहेत. त्या गाडीतल्या "काम असेल तर"ला कुठल्या विभागात बसवणार हे मला कळत नाही. त्या बाईंचं नाव 'कोर्ट'च्या श्रेयनामावलीत आहे. ते तिथे जाऊन, थांबून वाचावं असं मला मनापासून वाटतं.

दिसलंच नाही तरी माणूस उभं राहू शकतं, हे मला 'द लंचबॉक्स'ने शिकवलं. 2013च्या या सिनेमात नायिकेच्या, इलाच्या, वरच्या मजल्यावर देशपांडे आंटी राहतात आणि त्या एकदाही दिसत नाहीत. खिडकीतून दोरीला बांधलेली टोपली खाली येते, मसाला येतो आणि आवाज येतो. तो आवाज भारती आचरेकरांचा. 'वागळे की दुनिया'तली राधिका आठवणाऱ्यांना तो पहिल्या शब्दाला कळतो, आणि ज्यांना ती गायिका माणिक वर्मांची मुलगी हे ठाऊक आहे त्यांना त्या आवाजातला सूरही कळतो. काय घालायचं, किती घालायचं, आज त्याने डबा संपवला का, असं सगळं त्या वरून विचारत असतात. त्यांचा नवरा कित्येक वर्षं कोमात आहे, डोळे उघडे आणि नजर वरच्या पंख्यावर. पंखा थांबला तर यांचं काय होईल या भीतीने त्या तो बंद न करता, फिरतानाच पुसतात. हे आपल्याला फक्त ऐकू येतं. फिरता पंखा पुसणारी बाई मी पडद्यावर पाहिल्याचं शपथेवर सांगितलं असतं, इतकी ती मला दिसते, स्टुलावर चढलेली, पदर खोचलेली. माझ्या एका मामींनी मामांचं आजारपण असंच वर्षानुवर्षं काढलं. त्यांनाही असं वरच्या मजल्यावरून मोठ्याने बोलायची सवय होती, जणू खोलीतल्या शांततेला त्या आवाज देत होत्या. त्याच सिनेमात लिलेट दुबे इलाच्या आईच्या भूमिकेत आहेत. नवरा गेलेला आहे, घरात माणसं जमली आहेत, आणि त्या मुलीला सांगतात की मला फार भूक लागली आहे. औषध, अंघोळ, नाश्ता यांतच इतकी वर्षं गेली, आता भूक लागली आहे, पराठे खावेसे वाटतात. हे वाक्य बोलताना त्या रडत नाहीत, लाजतही नाहीत. मामा गेले त्या दिवशी मामी कुणाची नजर नाही असं बघून स्वयंपाकघरात उभ्याने चहात बुडवून पाव खात होत्या. मी दारातून पाहिलं आणि मागे फिरले. तेव्हा मला ते विचित्र वाटलं होतं, त्यांचा थोडा रागही आला होता. लिलेट दुबेंच्या त्या दोन मिनिटांनी तो राग गेला.

काका गेल्या वर्षी पंचाहत्तरीचे झाले. मुलांनी सभागृह घेतलं होतं, जुनी नाटकमंडळी जमली होती. जेवणं झाल्यावर कुणीतरी म्हणालं, काका, तो शिक्क्याचा प्रसंग होऊन जाऊ दे. मला वाटलं ते टाळतील. काका उठले, एक टेबल पुढे ओढायला लावलं, खुर्चीत बसले आणि त्या कापल्या गेलेल्या प्रसंगातली चारही वाक्यं त्यांनी म्हटली. हिंदी अगदी आकाशवाणीचं. नायकाचा अर्ज न बघताच पलीकडे सारणं, चष्मा कपाळावर चढवणं, मग त्याचं नाव वाचून जरा दचकणं, सगळं. आणि शिक्का उचलल्यावर तो तोंडाजवळ नेऊन त्यांनी त्यावर "हाऽऽ" करून वाफ सोडली आणि मग कागदावर मारला. सभागृहातल्या सगळ्या सरकारी नोकरांनी एकदम टाळ्या वाजवल्या, कारण उन्हाळ्यात शाईचा पॅड वाळला की कचेरीत प्रत्येकाने ते केलेलं असतं. मी जवळ जाऊन विचारलं, काका, हे त्यांनी करायला सांगितलं होतं? "छे," काका म्हणाले, "त्यांना कुठलं माहीत. मीच घातलं होतं ते. पहिल्या टेकला."